एच. टी. पॅनेल आणि वैशाखाचे ऊन



वार्षिक सभेत अहवालाची पाने उलटत यंत्रसामग्रीच्या खर्चापर्यंत आले, की एक प्रश्न हमखास निघतो. यंदाही निघाला. "वीजनिर्मितीसाठी ११ के. व्ही. चे नवे पॅनेल घेताय, ते घ्या. पण १२५० अँपिअरच्या पॅनेलवर भागत असताना १६०० चे कशाला? पैसे काय झाडाला लागलेत?" प्रश्न रोखठोक होता आणि रास्तही होता. पैसा सभासदांचा आहे, तेव्हा विचारणारच. सभेत दोन मिनिटांत उत्तर दिले गेले, टाळ्याही पडल्या. पण ही गोष्ट दोन मिनिटांत गळी उतरण्यासारखी नाही. बाहेर चहाच्या टपरीवर "मोठ्ठं पॅनेल म्हणजे मोठ्ठं कमिशन" अशी कुजबुज आमच्या कानावर आलीच. म्हणून या अंकात हा विषय सविस्तर घेत आहोत.

पॅनेल म्हणजे काय, ते आधी पाहू. विहिरीवरचा स्टार्टर आणि गावाबाहेरची डीपी आपल्या रोजच्या पाहण्यातली. वीज जोडायची, तोडायची आणि काही बिघडले तर आपोआप तोडायची, एवढेच काम त्यांचे. कारखान्यातले एच. टी. पॅनेल तेच काम मोठ्या प्रमाणावर करते. लोखंडी कपाटांची एक रांग असते. आत तांब्याच्या जाड पट्ट्या असतात, त्यांना बसबार म्हणतात. प्रत्येक कपाटात एक व्हॅक्यूम ब्रेकर, प्रवाह मोजणारे सी. टी. आणि दारावर रिले. टर्बाइनवरच्या जनरेटरने केलेली सगळी वीज याच कपाटांतून जाते. काही आपल्या मिलला, काही बाहेर महावितरण-महापारेषणच्या लाइनवर.

जुन्या पिढीच्या कारखान्यांत ही भानगड नव्हती. कमी दाबाचे बॉयलर, दोन-तीन मेगावॅटचे लहान संच आणि वीज ४४० व्होल्टची. चिपाड जाळून जास्तीची वीज विकायची असे ठरल्यापासून संच मोठे झाले. मोठ्या संचाची वीज ४४० व्होल्टवर हाताळणे परवडत नाही, कारण तेवढ्याच विजेला ११ के. व्ही. पेक्षा २५ पट प्रवाह लागतो. म्हणून ११ के. व्ही. आले, आणि त्याबरोबर ही कपाटे.

आता मूळ मुद्दा. पॅनेलच्या पाटीवर "१२५० अँपिअर" असे कोरलेले असते. ते खोटे नसते. पण ते कोणत्या हवेत खरे, हे पाटीवर ठळक नसते. आंतरराष्ट्रीय मानक आय. ई. सी. ६२२७१ आणि तेच आपल्याकडे स्वीकारलेले भारतीय मानक यांत लिहिले आहे, की पॅनेलभोवतीच्या हवेचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाणार नाही आणि २४ तासांची सरासरी ३५ अंशांच्या वर जाणार नाही, असे धरून ही पाटी लावलेली आहे. ऊस गाडीला लागतो त्या बैलांचेच पाहा ना. पौषातल्या पहाटे जी जोडी दोन टनांची गाडी फडातून गाडीतळावर आणते, त्याच जोडीला वैशाखात भर दुपारी तीच गाडी ओढायला लावली तर तोंडाला फेस येतो. बैल तेच, गाडी तीच. अंगातली उष्णता बाहेर टाकायला हवाच गरम, मग ती जाणार कुठे?

तांब्याच्या पट्टीचेही असेच असते. प्रवाह गेला की पट्टी तापते. जिथे दोन पट्ट्या बोल्टने जोडल्या आहेत तिथे जास्त तापते. बिनमुलाम्याच्या तांब्याच्या अशा जोडाला मानकाने ९० अंशांची हद्द घालून दिली आहे. बाहेर ४० धरले, तर जोडाला ५० अंशांची तापवाढ करण्याची मुभा राहते. बाहेर ५० झाले, की मुभा ४० वर येते. मुभा कमी झाली तर प्रवाहही कमी करावा लागतो.

किती कमी, हे गणित अवघड नाही. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रत्यक्षात पॅनेलच्या बाबतीत २ ऐवजी १.८ चा घात धरण्याची अमेरिकन मानकाची रीत आहे, आणि ती अनुभवाला धरून आहे. तो हिशोब केला तर ५० अंशांच्या खोलीत १२५० चे पॅनेल सुमारे ११०० अँपिअरचे उरते. खोली ५५ अंशांची झाली तर १०२५ चे.

आता समजा, संच १८ मेगावॅटचा आहे. पॉवर फॅक्टर ०.८ धरून ११ के. व्ही. वर पूर्ण भाराला प्रवाह येतो ११८० अँपिअर. कागदावर १२५० पेक्षा कमी, म्हणजे "भागतंय". पण वैशाखात तेच पॅनेल ११०० चे झालेले असते आणि आपण त्यातून ११८० नेत असतो. जोड ९० ऐवजी ९५ अंशांवर जातो. १६०० च्या पॅनेलमधून तेवढाच प्रवाह नेला, तर त्याच ५० अंशांच्या खोलीत जोड ७९ अंशांच्या आसपास राहतो. दोन्ही पॅनेले आपापल्या पाटीवरच्या प्रवाहाला नेमकी ५० अंशांनी तापतात, असे धरून हा हिशोब आहे. एखादे पॅनेल याहून चांगले बांधलेले असेल, पण तसे त्याच्या चाचणी अहवालात दिसले पाहिजे.

आमचे तांत्रिक वाचक इथे हात वर करतील. म्हणतील, संच कायम ०.८ वर कुठे चालतो? ०.९ धरा, प्रवाह १०५० वर येतो. बरोबर आहे. पण लाइनचा दाब उन्हाळ्यात घसरतो, हे आपल्या मोटरी जळण्यावरून आपल्याला चांगलेच ठाऊक आहे. ११ च्या जागी साडेदहा के. व्ही. झाले, की तीच वीज द्यायला प्रवाह पुन्हा ११०० होतो. म्हणजे काठोकाठ. आणि खोली ५५ वर गेली तर काठाच्या बाहेर.

दुसरा आक्षेप असा, की जोडांना चांदीचा मुलामा दिला तर मानक ११५ अंशांपर्यंत जाऊ देते. हेही खरे. पण चतुर कारखानदार ती मुभा आधीच वापरून टाकतो आणि तांबे कमी घालतो. त्या हिशोबानेही १२५० चे पॅनेल ५० अंशांत सुमारे ११५५ च येते. शिवाय जोड ११५ अंश सोसत असला, तरी त्याला टेकलेले इन्सुलेशन तेवढे सोसते का, हे वेगळे विचारावे लागते. १२५० च्या वर प्रमाणित मापात १६०० च येते, मधले माप नाही. म्हणून १६००.

"एवढं ऊन आपल्याकडं असतंय कुठं?" असेही एकाने विचारले. पेपरात छापून येते ते तापमान सावलीतल्या, हवेशीर लाकडी पेटीत ठेवलेल्या तापमापकाचे असते. राजस्थानात फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश नोंदले गेले, तेही असेच सावलीतले. आपल्या राज्यात जळगाव, अकोला, चंद्रपूर भागांत पारा ४५ च्या पुढे जातो. पण पॅनेलला वेधशाळेच्या पेटीशी कर्तव्य नाही, त्याला खोलीतली हवा लागते. एका अंगाला टर्बाइन हॉल, डोक्यावर तापलेला स्लॅब, पश्चिमेला उघडी भिंत आणि शेजारी मिलच्या मोटरींचे व्ही. एफ. डी. ड्राइव्ह, अशी खोली असेल तर बाहेरच्यापेक्षा पाच-सात अंश जास्त भरणे नवलाचे नाही. ड्राइव्हमधून जाणाऱ्या विजेपैकी शंभरातले दोन-तीन भाग उष्णता होऊन खोलीतच सांडतात. एक मेगावॅटचा ड्राइव्ह म्हणजे वीस-तीस किलोवॅटचा हीटर खोलीत लावून ठेवल्यासारखे.

आणि २४ तासांच्या सरासरीची अट तर सगळेच विसरतात. बाहेर रात्री गारवा येतो, पण खोलीच्या भिंती आणि स्लॅब पहाटेपर्यंत धग सोडत राहतात. पॅनेल तापायला आणि निवायला तास-तास लागतात. रात्री नीट निवले नाही तर सकाळी ते तापलेल्या जागेवरूनच सुरुवात करते.

हंगाम लांबला, हिशोब बदलला

पूर्वी हा प्रश्न का आला नाही? कारण दसरा-दिवाळीला पेटलेला बॉयलर शिमग्या-पाडव्याला विझायचा. वैशाखात पॅनेलवर भार नसायचाच. आता तसे राहिले नाही. २०२१-२२ चा हंगाम आठवा. राज्यात सुमारे १३७ लाख टन साखर झाली आणि गाळप जूनच्या मध्यापर्यंत चालले. मराठवाड्यात फडात उभ्या उसाकडे बघून शेतकऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आले. १ मे नंतर गाळलेल्या उसाच्या उतारा घटीसाठी टनामागे २०० रुपयांचे अनुदान शासनाला जाहीर करावे लागले. त्या दीड महिन्यात राज्यातली कितीतरी पॅनेले जन्मात पहिल्यांदाच भर उन्हाळ्यात पूर्ण भाराने चालली. शिवाय आता आसवनी बहुतेक वर्षभर चालते आणि शिल्लक चिपाडावर बिगरहंगामातही वीज करायची असते. तेव्हा पॅनेल घेताना पौष धरून चालत नाही.

पॅनेल बंद पडले तर काय होते, हे सभासदांना सांगायला नको, पण आकडा समोर असावा. रोज ५००० टन गाळणारा कारखाना तासाला २०० टनांहून जास्त ऊस खातो. दोन टनांच्या गाड्या धरल्या तर तासाला शंभर गाड्या. जनरेटरचा मुख्य ब्रेकर जळाला तर काम तासांचे राहत नाही. सुटा भाग मिळून, बसून, चाचणी होईपर्यंत दिवस जातात. बाहेरून वीज घेऊन मिल चालवता आली तरी विक्री बंद आणि वर बिल. तेवढ्यात तोडलेला ऊस गाडीतळावर वाळतो. थंडीत एक दिवस तग धरणारी मोळी मे महिन्यात धरत नाही. वजन घटते, साखर उलटते, जंतू चढतात. त्याची भरपाई कोणत्याही टेंडरात लिहिलेली नसते.

बिघाड एकदम होत नाही. जोड तापतो, तांब्यावर काळी पुटी चढते, पुटीमुळे विरोध वाढतो, म्हणून आणखी तापतो. स्टार्टरमधला लग ढिला पडल्यावर वायर काळी पडून कडक होते, ते आपण पाहिले आहे. इथेही तेच होते, फक्त ११,००० व्होल्टवर. इन्सुलेशनचे आयुष्य दर आठ-दहा अंशांना साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. म्हणजे ७९ आणि ९५ यांतला फरक म्हणजे वीस वर्षे आणि पाच-सहा वर्षे यांतला फरक समजा. शेवटी एखाद्या दुपारी इन्सुलेशन फुटते आणि कपाटात आर्क होतो. त्या वेळी समोर उभा असलेला वायरमन बहुधा आपल्याच कुणा सभासदाचा मुलगा असतो. म्हणून आत आर्क झाला तरी झोत वर निघून जाईल आणि पुढे, मागे, बाजूला माणूस भाजणार नाही, अशा चाचणीत उतरलेलेच पॅनेल घ्यावे. या बाबतीत पैसे वाचवू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

धूळ की हवा?

साखर कारखान्याची एक अडचण बाकीच्या गिरण्यांना नाही. आपल्याकडे चिपाडाचा बारीक भुगा आणि बॉयलरची राख सगळीकडे उडते. ती आत जाऊ नये म्हणून कपाट घट्ट बंद केले तर आतली उष्णता कोंडते. जाळ्या ठेवल्या तर धूळ आत जाते, आणि जाळीला गाळणी लावली तर ती आठवड्यात चोंदते. चोंदलेली गाळणी म्हणजे बंद खिडकीच. तेव्हा बंद कपाटाची चाचणी बंद स्थितीतच झालेली आहे का, हे विचारायला हवे. उघड्या जाळ्यांच्या कपाटाचा अहवाल दाखवून घट्ट कपाट विकणारे विक्रेते असतात.

कपाटावर पंखे बसवून १२५० चे पॅनेल १६०० चे करून देतो, असेही प्रस्ताव येतात. पंखा चालू आहे तोवर ठीक. पंख्याची मोटर जळाली, की कुणाच्या लक्षात यायच्या आत पॅनेल पुन्हा १२५० चे झालेले असते. खोलीला वातानुकूलन करणे याहून बरे, कारण धुळीचाही बंदोबस्त होतो. पण तेही बंद पडते, आणि नेमके मे महिन्यात. आम्हाला पटलेला क्रम असा : आधी नैसर्गिक हवेवर पुरेल एवढे मोठे पॅनेल, मग खोली थंड आणि स्वच्छ ठेवण्याची सोय. खोलीत गाळलेली हवा थोड्या दाबाने सोडावी, म्हणजे दार उघडले तरी हवा बाहेर जाते, धूळ आत येत नाही. स्लॅबवर पांढरा लेप आणि पश्चिमेला व्हरांडा हे तर आपल्या घरच्या अक्कलेचे उपाय आहेत. ड्राइव्ह मात्र वेगळ्या खोलीत हलवावेत.

आसवनीजवळ पॅनेल ठेवायचे असेल तर आणखी एक शत्रू आहे. स्पेंटवॉशच्या बायोगॅसमधला गंधकाचा वायू चांदीला काळा करतो आणि तांब्यालाही खातो. मुलाम्यावर भरवसा ठेवून तिथे हिशोब करू नये.

उंचीचा प्रश्न आपल्याला नाही. मानक १००० मीटरपर्यंत सूट मागत नाही, आणि देशावरचे आपले कारखाने त्याच्या खालीच आहेत. शॉर्टसर्किटचा प्रवाह किती सोसायचा, याचा हिशोब उन्हाशी संबंधित नाही. तो लाइन आणि जनरेटर मिळून वेगळा काढावा लागतो, त्यावर पुन्हा कधीतरी लिहू.

ब्रेकर व्हॅक्यूमचा की एस. एफ. ६ वायूचा, असे काहींनी विचारले. ११ के. व्ही. ला आता व्हॅक्यूमच घ्यावा. एस. एफ. ६ वायू हवेत निसटला तर कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. युरोपीय संघाने २४ के. व्ही. पर्यंतच्या नव्या पॅनेलमध्ये तो १ जानेवारी २०२६ पासून बंद केला आहे. व्हॅक्यूममध्ये एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. बाटलीच्या आत हवा नाही, म्हणून आतली उष्णता फक्त तांब्याच्या दांड्यातूनच बाहेर येते. दांड्याचा जोड ढिला असेल तर तिला दुसरी वाट नाही.

बॅटरीकडे कुणाचेच लक्ष जात नाही. बिघाड झाल्यावर ब्रेकर तुटतो तो ११० व्होल्टच्या बॅटरीच्या जोरावर. बॅटरी मेली असेल तर रिलेने कितीही ओरडून सांगितले तरी ब्रेकर हलत नाही. आणि शिसे-आम्लाच्या बॅटरीला ऊन अजिबात सोसत नाही. सतत दहा अंश जास्त तापमानात तिचे आयुष्य निम्म्यावर येते. ती बॉयलरच्या भिंतीला टेकलेल्या कोपऱ्यात ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. जागा मोकळी होती म्हणून तिथे, एवढेच कारण. केबलचेही विसरू नये. आपल्याकडचे केबलचे तक्ते हवेत ४० अंश धरून केलेले असतात. ५० अंशांत एक्स. एल. पी. ई. केबलची क्षमता शंभरातली नव्वदच धरावी. पॅनेल मोठे आणि केबल लहान, असे झाले तर मोठ्या पॅनेलचा उपयोग काय?

आता टेंडर. आपल्या मसुद्यात "मानकाप्रमाणे" एवढेच लिहून भागत नाही, कारण मानकाप्रमाणे म्हणजे ४० अंश. सभोवतालचे कमाल तापमान ५० अंश, असे स्पष्ट लिहायचे. मानकातही उष्ण हवामानासाठी ५० अंशांची वेगळी तरतूद आहे, तेव्हा ही मागणी जगावेगळी नाही. पुरवठादाराने ५० अंशांत सतत किती अँपिअर मिळतील ते आकड्यात, सहीनिशी द्यायचे. सोबत तापवाढीच्या चाचणीचा पूर्ण अहवाल, नुसते पहिले पान नव्हे. सी. पी. आर. आय. च्या बंगळूर-भोपाळच्या किंवा बडोद्याच्या इर्डाच्या प्रयोगशाळेत अशा चाचण्या होतात. अहवालात कोणते कपाट तपासले, त्यात ब्रेकर कोणता होता, जाळ्या उघड्या होत्या की बंद, पट्टीचे माप काय, हे सगळे असते. ते आणि आपल्याला येणारे पॅनेल एकच आहे ना, हे ताडून पाहायचे. पट्टीचे माप तर आपला फिटरही स्केल लावून मोजू शकतो.

सगळ्यात कमी दराचे टेंडर घ्या, असा आग्रह धरणाऱ्यांना एवढेच विचारावे : तो दर ४० अंशांचा आहे की ५० चा? एकाच तापमानाला आणून मग दर ताडले, तर बऱ्याचदा स्वस्तातले महागात पडलेले दिसते. बियाण्याचा ऊस घेताना आपण डोळा बघतो, नुसता टनाचा भाव बघत नाही.

पॅनेल आल्यावरही काम संपत नाही. बिगरहंगामात प्रत्येक जोड टॉर्क पान्याने, ठरलेल्या जोरानेच आवळायचा. हाताने "बसला" म्हणून सोडायचा नाही आणि लांब पाइप लावून पिळायचाही नाही. ब्रेकरच्या संपर्कांचा विरोध सूक्ष्म ओहममध्ये मोजून गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी लिहायचा. हंगामात भार असताना थर्मल कॅमेऱ्याने जोड पाहायचे. तिन्ही फेजांना सारखा भार असताना एकच फेज गरम दिसला, तर दोष हवेचा नाही, बोल्टचा आहे. त्यासाठी कपाटाला कॅमेऱ्याची खिडकी हवी. ती टेंडरातच मागावी, मागाहून पत्रा कापता येत नाही.

पॅनेल खोलीत ब्रेकरच्या उंचीवर कमाल-किमान तापमापक टांगला आहे. रोज दुपारी ३ वाजता आणि पहाटे ५ वाजता पाळीवरचा वायरमन आकडा वहीत लिहितो. वही पॉवर हाऊसच्या टेबलावर असते. टेंडरे उघडण्याच्या दिवशी ती संचालक मंडळासमोर ठेवली जाईल. ज्या सभासदांना त्याआधी पाहायची असेल त्यांनी ऊस घालायला आल्यावर, गाडी काट्यावर लागेपर्यंतच्या वेळात, सुरक्षा विभागाकडे नाव नोंदवून यावे.